पोपटांचा अंगरखा

आमच्या सोनाळ्याचा उन्हाळा ज्याने पाहिला नाही त्याने मला कपड्यांवरून अक्कल शिकवू नये. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. डोंगर दिवसभर तापतो आणि संध्याकाळी ती सगळी धग आमच्या अंगावर सोडून देतो. अशा गावात साडी, तिच्याखाली परकर, वर अस्तराचं ब्लाउज आणि डोक्यावर पदर एवढं सगळं अंगावर घेऊन गॅससमोर उभं राहायचं, याला आमच्या घरी वळण म्हणतात. मी त्याला शिक्षा म्हणते, पण मनातल्या मनात.

माझं मागणं फार मोठं नव्हतं. माझ्याकडे एक कफ्तान होता. माझ्या धाकट्या बहिणीच्या, डिंपलच्या, हळदीला माहेरी जानेफळला सगळ्या बायकांनी एकसारखे घेतले होते, त्यातला माझ्या वाट्याचा. पिवळाधमक, त्यावर हिरवे पोपट, आणि प्रत्येक पोपटाच्या चोचीत लाल मिरची. ज्यांना कफ्तान माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन मोठे चौकोन घ्यायचे, डोकं आणि हात बाहेर यायला जागा ठेवायची, बाकी शिवून टाकायचं. कमरेला काही नाही, दंडाला काही नाही, मापाची कटकट नाही. बाई जाड होवो, बारीक होवो, बाळंत होवो, कफ्तान एका शब्दाने बोलत नाही. वारा खालून शिरतो, अंगभर फिरतो आणि गळ्यातून निघून जातो. तो घालून संध्याकाळी कामं उरकल्यावर जरा वेळ आमच्याच ओट्यावर बसावं, एवढीच माझी इच्छा होती.

एकदा बसले. दूधवाला आला म्हणून तशीच बाहेर गेले आणि दूध घेऊन तिथेच टेकले. वारा सुटला होता. पोपट जरा फडफडले असतील. तेवढ्यात मामाजी आले. सासऱ्याला आम्ही मामाजी म्हणतो आणि सासूला आत्याबाई. मामाजींचं नाव इंद्रभान, संत्र्याचा बगीचा, आणि गावाच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. अध्यक्षपद मिळाल्यापासून ते घरातसुद्धा निकालच देतात. भाजीत मीठ जास्त झालं तरी आधी दोन्ही बाजू ऐकून घेतात.

त्यांनी मला समोर उभं केलं आणि खुर्चीत बसले. आमच्या ओट्यावर एकच जागा अशी आहे की दोन घरांच्या बोळीतून तिथे वारा येतो. मामाजींची खुर्ची कायम तिथेच असते. तिथे दुसरं कोणी बसत नाही.

"गाऊन म्हनजे झोपायचा कपडा," मामाजी म्हणाले. "ओट्यावर सून झोपत नसते."

"मामाजी, हा गाऊन नाही. कफ्तान हाये."

"नाव बदलल्यानं कपडा बदलत नाही, राखी."

"गावातल्या साऱ्या बाया गाऊनवर टावेल टाकून चक्कीवर जातात."

"त्या गावाच्या सुना. तू अध्यक्षाची सून."

झाला निकाल. माझा नवरा अविनाश त्याच्या कृषी केंद्रात दिवसभर बियाण्यांच्या कंपनीवाल्यांशी तावातावाने भांडतो, पण वडिलांसमोर आला की मूग गिळून बसतो. तो तेव्हाही तसाच बसला होता. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचं नाव सोजराबाई, पण त्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही आणि त्यांनी कोणत्या निकालात तोंड घातलेलंही पाहिलं नाही. कफ्तान कपाटाच्या तळाशी दिवाळीच्या चादरीखाली गेला. मी चार दिवस मामाजींचा चहा फिका केला.

मग मामाजींच्या हर्नियाने डोकं वर काढलं. खामगावला ऑपरेशन झालं, चांगलं झालं. सुट्टी देताना डॉक्टरांनी सांगितलं, "टाके भरून येईपर्यंत कमरेला काही बांधायचं नाही. नाडी नाही, बेल्ट नाही, इलॅस्टिक नाही, लुंगीची गाठ नाही."

"मंग घालू काय?" मामाजींनी विचारलं.

"काहीतरी सैल," असं म्हणून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे निघून गेले.

घरी आल्यावर कळलं की पुरुषाच्या अंगावरचं सगळं जग कमरेला बांधलेलं आहे. पॅन्ट, पायजमा, लुंगी, चड्डी, सगळं. मामाजींनी डॉक्टरांचं न ऐकता एकदा पायजमा घालून पाहिला. जेवण होईपर्यंत कमरेवर नाडीचा लाल वळ उठला. त्या वळाचं काय सांगू! तो अविनाशला दाखवला, मला सदरा वर करून लांबूनच दाखवला, आणि मोबाईलवर फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. "पाहा, कसा वळ उठला! मानूस मरून जाईन," असं ते सारखं म्हणत होते. आत्याबाई त्या वळाला खोबरेल तेल लावत होत्या.

मामाजींनी समोरच्या रहेमतुल्ला टेलरला बोलावून घेतलं. रहेमतुल्लाचाचा आणि मामाजी शाळेपासूनचे दोस्त.

"भाऊ, लग्नसराई हाये," चाचा म्हणाले. "नवरदेवाचे कपडे बाजूले ठेवून तुमचा झगा शिवू काय? थांबा जरा."

"तवरोक मी काय चादर गुंडाळू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच चादर गुंडाळली. ती दर थोड्या वेळाने सुटायची आणि घरातल्या आम्ही दोघी बायका दर थोड्या वेळाने भिंतीकडे तोंड करायचो. शेवटी आत्याबाईच हळूच म्हणाल्या, "राखीचा तो पिवळा झगा हाये ना."

अविनाश मामाजींच्या तोंडाकडे पाहत राहिला. मी मात्र पळत जाऊन कपाटाच्या तळातून कफ्तान काढला, झटकला आणि दोन्ही हातांवर घेऊन आले. मनात उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला सांगू?

"खोलीतल्या खोलीत," मामाजी मान वळवून म्हणाले. "टाके निघेपर्यंत."

पहिल्यांदा त्यांनी उलटा घातला. मग बाहीतून डोकं काढायचा प्रयत्न केला आणि आतून ओरडले, "दार कुठी हाये याले?" अविनाशने आत जाऊन सोडवलं. अखेर डोकं योग्य ठिकाणाहून बाहेर आलं. मामाजींनी हात पसरले, खाली पाहिलं, पोटावरच्या पोपटाकडे नाराजीने पाहिलं आणि आडवे झाले.

दुपारी लाइट गेली. आमच्याकडे उन्हाळ्यात ती जातेच. बंद खोलीत मामाजी शिजायला लागले, तेव्हा कोणी नाही असं पाहून ओट्यावर आले आणि आपल्या खुर्चीत बसले. तेवढ्यात बोळीतून वारा आला. तो वारा त्यांच्या पायांपासून आत शिरला. कफ्तान फुगला. मामाजींचे डोळे आपोआप मिटले आणि तोंड थोडं उघडं राहिलं. मी दारातून पाहत होते. इतकं सुख मी त्यांच्या तोंडावर बगिच्याला चांगला भाव मिळाला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"लय हवा खेळते बे," ते अविनाशला म्हणाले. "खालून येते, वरून जाते."

त्या दिवसापासून त्यांनी ओटा सोडला नाही.

आजाऱ्याला भेटायला गाव येतंच. बिस्किटाचा पुडा घेऊन माणसं यायची, फाटकात थबकायची, पोपटांकडे पाहायची आणि मग घशात काहीतरी अडकल्यासारखी तब्येत विचारायची. अध्यक्षाला कोण काय बोलणार? मामाजींना मात्र ते थबकणं टोचायला लागलं. तेव्हा रहेमतुल्लाचाचा धावून आले. मापाची टेप गळ्यात अडकवून ते ओट्यावर आले, कफ्तानाचा काठ चिमटीत धरून पाहिला आणि भरल्या ओट्यासमोर म्हणाले, "भाऊ, हा तर बादशाही कपडा हाये. जुने बादशाह असेच झगे घालत. आपल्या रोहिनखेडची मशीद ज्याइनं बांधली ते सरदार बी असेच घालत असतीन. पोपट तेवढे नसतीन."

चाचांना शिवणाचं काम टाळायचं होतं, हे मला तेव्हाच समजलं. पण मामाजींची छाती फुगली. पोपटही फुगले.

"म्हनजे अंगरखाच म्हना ना," मामाजी म्हणाले.

"अंगरखाच."

बस. तेव्हापासून माझ्या कफ्तानाचं नाव अंगरखा झालं. येईल त्याला मामाजी बादशाह आणि सरदार सांगायला लागले. आठवडाभरात त्यात तोफा आल्या, हत्ती आले. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडणारे दोघे भाऊ तंटा घेऊन आले, त्यातला थोरला रागारागाने बोलता बोलता मामाजींच्या पोटावरच्या पोपटाकडे पाहत राहिला आणि त्याला हसू फुटलं. त्याला पाहून धाकटाही हसला. तंटा मिटला, दोघं चहा पिऊन गेले. मामाजींची खात्री झाली की अंगरख्याचा वचक पडतो.

माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली होती. कपडा माझा, धुवायचा मी, वाळवायचा मी, आणि मी ओट्यावर आले तर साडीत. एका संध्याकाळी न राहवून मी विचारलंच.

"मामाजी, तुमी ओट्यावर बसता तर मीबी बसतो. टाके निघाले की तुमचे कपडे घालता येतीन तुमाले, मंग हा मले द्या."

"तुझा तो गाऊन होता. माझा हा अंगरखा हाये."

"एकच तर कपडा हाये!"

"कपडा एकच असन. पन घालनारा कोन, ते पाहा लागते."

टाके निघाले. जखम भरली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, आता पॅन्ट घालायला हरकत नाही. मामाजी म्हणाले, "डॉक्टर अजून पोरगा हाये, त्याले काय समजते?" बगिच्यात जायचं असलं की ते टणटणीत चालायचे, आणि मी खुंटीवरची पॅन्ट हातात घेतली की कमरेवर हात ठेवून लंगडायला लागायचे. चाचांनी लग्नसराईतून सवड काढून साधा पांढरा झगा शिवून देतो म्हटलं, तर "राहू द्या, कशाले तरास" असं उत्तर मिळालं. मला तो कफ्तान परत मिळणार नाही, हे मी ओळखलं. मला रडू आलं. कपड्यासाठी रडते म्हणून स्वतःचाच राग आला आणि मग आणखी रडू आलं.

आणि एका सकाळी माझ्या आईचा फोन आला. "आमी खामगावच्या पुढं आलो. तुझ्या मामाजीले भेटाले येऊन राह्यलो."

आमच्याकडे व्याह्याचं ऑपरेशन झालं की व्याही भेटायला येतातच, आणि रिकाम्या हाताने येत नाहीत. टोपी, दुपट्टा, नारळ. तो आहेर घेऊन बाजूला ठेवायचा नसतो, तिथल्या तिथे अंगावर घ्यायचा असतो. माझे वडील रामभाऊ अशा बाबतीत फार काटेकोर आहेत.

फोन ठेवला आणि मी आधी ओट्याकडे पाहिलं. जानेफळला त्या हळदीत हे पोपट कोणाच्या अंगावर नव्हते? आई ते बघताक्षणी ओळखणार होती. गंमत होईल खरी, पण हसं झालं तर ते माझ्याच माथी येणार होतं. सासऱ्याला हळदीतला बायकांचा झगा घालून बसवणारी सून म्हणून दोन्ही गावांत माझं नाव झालं असतं. म्हणून मी मामाजींना सांगायला गेले. खरं सांगते, अगदी मनापासून गेले.

"मामाजी, माह्यावाले आई-बाबा येऊन राह्यले. आज पॅन्ट घाला."

"काऊन?"

"तो... अंगरखा आई ओळखन."

"ओळखू दे. मानसाले चांगल्या कपड्याची पारख असली पायजे." आणि ते खुर्चीत आणखी ऐसपैस बसले.

मी हात जोडले आणि स्वयंपाकाला लागले.

आई-बाबा आले. बाबा फाटकातच थांबले. आईने तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. मामाजींनी उठून दोन्ही हात पसरले, त्यामुळे सगळेच पोपट एकदम दिसले.

"या इवाई, या! बसा."

बाबांनी रीत सोडली नाही. कपाळाला टिळा लावला, हातात नारळ दिला, डोक्यावर पांढरी टोपी चढवली, खांद्यावर दुपट्टा टाकला. टोपी, दुपट्टा आणि खाली मिरच्या खाणारे पोपट. अविनाश म्हणाला, "पानी आनतो," आणि घरात गेला तो बाहेर आलाच नाही.

मामाजींनी हत्तींपासून सुरुवात केली. तोफांपर्यंत आले तोवर आईच्याने राहवेना. ती मामाजींशी थेट बोलत नाही, म्हणून आत्याबाईंकडे वळून म्हणाली, "ईनबाई, हा तर आमच्या डिंपलच्या हळदीतला ड्रेस!"

"नाही, नाही," मामाजी हसून म्हणाले. "हा अंगरखा हाये. बादशाही."

"पाहा ना," असं म्हणून आईने मोबाईल काढला आणि फोटो आत्याबाईंच्या हातात दिला. आत्याबाईंकडून तो मामाजींच्या हातात गेला.

फोटोत आमच्या मांडवात तीन रांगांमध्ये बायका बसल्या होत्या. आई, मावश्या, आत्या, चुलत बहिणी, पुढे लहान पोरी, मध्ये खुर्चीत बोळक्या तोंडाची तानुबाई आजी. सगळ्यांच्या अंगावर तोच पिवळा, तेच पोपट, त्याच मिरच्या. मामाजींनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग तो डावीकडून उजवीकडे सरकवत नेला. एखादी तरी बाई दुसऱ्या कपड्यात सापडेल, अशी त्यांना आशा असावी. तानुबाई आजीपाशी त्यांचं बोट थांबलं.

मामाजींचे कान लाल झाले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. तो निकाल देणारा चेहरा नव्हताच. बाहीत डोकं अडकल्यावर आतून ओरडणारा माणूस होता तो.

नाव बदलल्यानं कपडा बदलत नाही, मामाजी. हे वाक्य माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी ते किती दिवस जपून ठेवलं होतं! पण त्या टोपीकडे पाहून माझ्याने ते बोलवेना. कीव आली आणि कीव आल्याचा राग आला. मग एक वेगळीच गोष्ट माझ्या डोक्यात आली.

"आई," मी म्हणाले, "आमच्या घरी कफ्तान सारेच घालतात. लय हवा खेळते ना, म्हनून. मीबी घालतो. संध्याकाळी ओट्यावर बसतो घालून." आणि डोक्यावरचा पदर नीट करत अगदी गरीब आवाजात विचारलं, "नाही काय, मामाजी?"

मामाजींना कळलं. माणूस हुशारच आहे, उगाच का अध्यक्ष झाला? त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा व्याह्यांकडे, एकदा मोबाईलकडे.

"हो," ते म्हणाले. घसा खाकरला. "आमच्या घरी सुनेले मोकळीक हाये. घरात बी. अन..." हा शब्द बाहेर यायला त्यांना ऑपरेशनपेक्षा जास्त त्रास झाला असावा. "अन ओट्यावर बी."

व्याह्यासमोर बोललेला शब्द आमच्याकडे कोणी फिरवत नाही. मी आत जाऊन अविनाशला चिमटा काढला आणि शिऱ्यात दुप्पट तूप टाकलं.

जेवणं झाल्यावर बाबा मामाजींच्या जवळ सरकले. त्यांच्या घट्ट पॅन्टवर घामाचा पट्टा उमटला होता.

"इवाई, एक पुसू काय? आतून कसं वाटते?"

"काय सांगू तुमाले," मामाजी कुजबुजले. "खालून येते, वरून जाते."

निघताना फाटकाबाहेर बाबांनी आईला विचारलेलं मी ऐकलं, "रुखमा, तुझा तो कुठी ठेवला हाये?"

दुसऱ्या दिवशी मामाजींनी मुकाट्याने पॅन्ट घातली. मी कफ्तान धुतला, दोरीवर टाकला आणि दिवसभर येता-जाता त्याच्याकडे पाहत राहिले. संध्याकाळी कामं उरकली, हातपाय धुतले, परसात गेले, तर दोरी रिकामी. माझं डोकंच फिरलं. शब्द दिला आणि लगेच पळवला? तणतणत मधल्या खोलीत शिरले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत आत्याबाई कपाटाच्या आरशासमोर उभ्या होत्या. अंगात कफ्तान. डोक्यावर घ्यायला पदर नाही म्हणून डोक्यावर टॉवेल. त्यांची साडी नीट घडी करून पलंगावर ठेवलेली होती, आणि तिच्यावर परकर.

मला पाहून त्या एवढ्या दचकल्या की टॉवेल खाली पडला.

"तुझाच हाये माय, काढतो. पाह्यला जरा घालून," असं पुटपुटत त्यांनी घाईघाईने कफ्तान वर ओढला. आणि तो कमरेपर्यंत वर गेला तेव्हा मला ते दिसलं.

त्यांच्या कमरेभोवती काळा पट्टा होता. कातडी जाड झालेली, मध्ये खोल चर पडलेली. दोरीने बांधून ठेवलेल्या झाडाच्या बुंध्यावर पडते तशी.

"आत्याबाई, हे काय?"

"काय? ते होय? नाडीचा वळ."

"दुखते?"

"आता नाही. उन्हाळ्यात खाजते. घाम आला की आग होते." त्या हसल्या. "लग्न झाल्यापासून हाये. मी तं झोपाले बी साडीच नेसतो."

"डॉक्टरले दाखवलं काय कधी?"

"याले काय दाखवा लागते? बाईच्या कमरेले नाडी राहतेच."

मामाजींचा तो लाल वळ मला आठवला, जेवण होईपर्यंत उठलेला. त्याचा फोटो खामगावपर्यंत गेला होता. आणि त्या वळाला तेल कोण लावत होतं, तेही आठवलं. माझे डोळे भरून आले. मी तो कफ्तान त्यांच्या हातातून सोडवला आणि खाली ओढून नीट केला. त्यांच्या अंगाला तो बरोबर आला. तो कोणालाही बरोबरच येतो.

"चला ओट्यावर."

"येडी झाली काय? लोक काय म्हनतीन?"

"मामाजीनं इवायासमोर शब्द देला हाये."

"तो सुनेले देला. मले नाही."

म्हणजे आत्याबाई निकाल नीट ऐकत होत्या तर. मी त्यांचा हात धरला. त्यांनी वाकून टॉवेल उचलला आणि डोक्यावर घेतला. मी तो काढून पलंगावर टाकला. त्या दारापर्यंत दोनदा थांबल्या, पण हात सोडवून घेतला नाही.

मामाजी आपल्या खुर्चीत पॅन्टचं बटण उघडून बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी घाईने बटण लावलं.

"हे काय नवीन..." त्यांनी सुरुवात केली.

"मामाजी, आत्याबाईच्या कमरेले वळ हाये," मी म्हणाले. "तुमच्यासारखाच नाडीचा. काया ठिक्कर पडला."

मामाजींनी आत्याबाईंकडे पाहिलं. "कवापासून?"

"लगन झाल्यापासून," आत्याबाई खाली पाहत म्हणाल्या.

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तुमी कवा पुसलं?"

आत्याबाईंनी मामाजींना उलट उत्तर दिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बहुतेक मामाजींनीही. त्यांचा हात आपल्याच कमरेवर, जिथे तो लाल वळ होता तिथे जाऊन थांबला. समोरच्या दुकानात रहेमतुल्लाचाचांची मशीन चालता चालता बंद पडली, म्हणजे तेही पाहत होते. मग मामाजी उठले आणि खुर्ची हाताने पुसली.

"इथी बस, सोजरा," ते म्हणाले. "इथी हवा येते."

आत्याबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या, गुडघे घट्ट जोडून, उठायच्या तयारीत. मग बोळीतून वारा आला. बाह्या फुगल्या, पोपट फडफडले. त्यांनी हळूहळू पाठ टेकवली, पाय लांब केले आणि डोळे मिटले. मी पायरीवर साडीत घामाने निथळत बसले होते आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"हवा खेळते," डोळे न उघडता त्या म्हणाल्या.

"म्या सांगतलं नव्हतं काय?" मामाजी म्हणाले, आणि रस्त्यापलीकडे हाक मारली, "रहेमत, दोन झगे शीव बे. नाही, तीन. पोपटाचा कपडा भेटते काय पाह्यजो!"

दूधवाला आला, पोपटांकडे पाहून थबकला. आत्याबाई उठल्या नाहीत. शेजारच्या बायका फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या, तरी उठल्या नाहीत. चहाची वेळ झाली. मी उठायला लागले तर मामाजींनी मला हाताने खाली बसवलं आणि पॅन्ट सावरत स्वतः आत गेले. बऱ्याच वेळाने चहा आला. फार गोड झाला होता. आत्याबाईंनी तो खुर्चीतच बसून प्यायला आणि आणखी एक कप मागितला.